पालथे चेहरे

रोममध्ये चांगला चुना कुणाचा, असं विचारलं की गवंडी सांतेच्या भट्टीकडे बोट दाखवायचे. सांतेचा आजा चुनेवाला, बाप चुनेवाला, आणि सांते तर असा की भट्टीच्या धुराचा नुसता रंग बघून सांगायचा, अजून ओंडके घालायचे की तोंड लिंपायचं. त्याचा चुना विरवला की लोण्यासारखा बोटाला यायचा. ओल्या गिलाव्यावर संतांची चित्रं काढणारे चितारी दुसऱ्या कुणाचा चुना दारात उतरू देत नसत.

त्या पांढरेपणाचं काही गुपित नव्हतं. तिवोलीच्या डोंगरातल्या दगडाचाही चुना होतोच की. पण संगमरवराच्या चुन्याची गोष्ट निराळी, आणि रोमसारख्या गावात संगमरवरासाठी डोंगर कशाला चढायचा? जमिनीत कुदळ मारली की तो निघतो. जुने राजे गेले, जुने देव गेले, आणि जाताना खांब, पायऱ्या, हात, पाय, डोकी असं सगळं मागे टाकून गेले. द्राक्षमळेवाले वेलासाठी खड्डा खणत, काही लागलं की शिव्या घालत ते उपसून काढत आणि गाडीत घालून भट्टीवर आणत. सांते घणाच्या टोकाने एक ठोका मारायचा. चांगला संगमरवर घंटेसारखा वाजतो. वाजला की तो मान हलवायचा, बस्स.

"मालक, हा कुणीतरी देव असेल हो," एखादा नवा गडी बिचकत म्हणायचा.

"असेल की. आपल्या देवळातला आहे का?"

"नाही."

"मग टाक आत."

चुना माणसाला जपत नाही. सांतेच्या हातांची कातडी जागोजाग फाटून पुन्हा जुळलेली होती, नखं अर्धी खाल्लेली, आणि तळव्यांच्या भेगांत बसलेला पांढरा रंग कशानेच निघत नव्हता. त्याची बायको पेर्ना तोंडाची फटकळ. ती शेजारणींना सांगायची, "लग्नात मला वाटलं, नवरा गोरा आहे. धुतला तर खाली काहीच निघालं नाही!" सांतेही त्यावर मोठ्याने हसायचा. आपल्या हातांची त्याला लाज नव्हती. गावातली निम्मी देवळं याच हातांनी पांढरी केली, असं तो दोन प्याले पोटात गेले की सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं.

मग दिवस बदलले. आधी मोठ्या लोकांना वेड लागलं, मग मधल्यांना. जमिनीतून फुटका हात निघाला तरी लोक तो धुऊन, पुसून, मखमलीवर मांडून ठेवायला लागले. जुनी लॅटिन, त्याहून जुनी ग्रीक शिकायला म्हातारे म्हातारे बाप्ये मास्तरांच्या दारात बसू लागले. जुन्या मूर्ती भाजायच्या नाहीत, अशी दवंडीही पिटून गेली. दवंडीवाला गल्लीत होता तोवर सगळ्या भट्टीवाल्यांनी ती टोप्या काढून ऐकली. तो वळणाआड गेला तशा टोप्या पुन्हा डोक्यावर चढल्या. फरक इतकाच पडला की मळेवाले गाडीवर पेंढा टाकून येऊ लागले.

"नाक नसलेल्या म्हाताऱ्यांना हे लोक दिवाणखान्यात बसवतात," सांते म्हणायचा, "आणि घरातल्या म्हाताऱ्याला जिन्याखाली."

त्याची एकुलती मुलगी दिआनोरा हे ऐकून हसत नसे. ती जोगिणींच्या मठात जरीकाम शिकली होती आणि वेदीवरची वस्त्रं भरून द्यायची. असंच एक वस्त्र पोचवायला ती नदीपलीकडच्या देवळात गेली, तिथे तुल्लियो नावाचा तरुण पाथरवट कुणा पाद्र्याच्या थडग्यावर पानंफुलं कोरत बसला होता. पुढे ती तिथे कामापेक्षा जास्त वेळा जाऊ लागली. तुल्लियोला आईबाप नव्हते, वैद्य एवांद्रो या त्याच्या मामांनी त्याला वाढवलं होतं. वैद्यांचं बारशाचं नाव वेगळंच होतं, ते टाकून त्यांनी जुन्या रोमनांच्या धर्तीवर हे घेतलं होतं. नवी विद्या त्यांच्या अंगात पुरती भिनली होती. रोगी तपासताना ते लॅटिनमध्ये उसासे टाकतात, अशी थट्टा गावात चालायची. पण माणूस सरळ. मुलगी त्यांनी पाहिली, पसंत केली, आणि ईस्टरनंतरच्या रविवारी दुपारी तिच्या घरच्यांना जेवायला बोलावलं.

निरोप आला तेव्हा पेर्नाला आनंद झाला. दिआनोरा मात्र दाराच्या चौकटीला टेकून उभीच राहिली.

"बाबा, एक सांगायचं होतं."

"बोल की."

"मी तिथे सांगितलंय, बाबांचा दगडाचा व्यापार आहे म्हणून."

"मग खोटं काय त्यात? दगडच तर घेतो मी."

"घेता दगडच. विकता काय, ते नाही सांगितलं."

सांतेला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने हसायचा प्रयत्न केला. "चुन्याला काय वाईट आहे गं? त्यांच्या भिंती काय दह्याने सारवल्यात?"

"त्या घरात चुनेवाल्यांचं नाव कसं घेतात ते तुम्ही ऐकलं नाहीत," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "एवढं एक जेवण, बाबा. चुन्याचं नाव काढू नका. आणि... हातमोजे घाला."

पेर्ना आतून ओरडली, "लग्न हिचं ठरायचंय की तुमच्या हातांचं?"

भट्टीवर जाऊन सांतेने गड्यांवर उगाच आरडाओरडा केला. आपल्या लेकीला आपली लाज वाटते, हे त्याला त्या दिवशी कळलं. बापाला हे कळणं म्हणजे भर बाजारात कुणी अंगावरचा सदरा ओढून नेण्यासारखं. आणि खोल कुठेतरी असंही वाटून गेलं की पोरगी शहाणी आहे, तिला उगाच कशी लाज वाटेल?

त्याच्या थोडं आधी, ईस्टरच्या उपवासात, एक गोष्ट घडून गेली होती. तेव्हा ती गोष्ट म्हणण्यासारखीही वाटली नव्हती. मेनिको नावाचा एक मळेवाला बैलगाडी घेऊन आला. त्याने पेंढा बाजूला केला.

"बाई आहे. सबंध! एक हात तेवढा खणताना तुटला, तो तिकडंच राहिला मातीत कुठेतरी. पण दगड बघ, दगड!"

सांतेने ठोका मारला. असा आवाज आला की शेजारच्या भट्टीवरच्या गड्यांनी माना वळवल्या. नेमकी त्याच आठवड्यात एका गवंड्याची मागणी आली होती, कुणा बड्या घरच्या नव्या दालनासाठी सगळ्यात पांढरा चुना हवा म्हणून. सांते खूश झाला. गड्यांनी मूर्ती उतरवून भिंतीशी आडवी टाकली. दुपारचं ऊन होतं. सांते तिला पाठ टेकून बसला, पाव आणि कांदा खाल्ला, थोडी डुलकी काढली. उठल्यावर घण मागवले.

रविवार उजाडला. पेर्नाने ठेवणीतला झगा काढला. दिआनोराने बापाचे हात तेलाने चोळून चोळून पुसले. तेल भेगांत शिरलं, पांढरं काही निघालं नाही. शेवटी शेजाऱ्याकडून मागून आणलेले बकऱ्याच्या कातड्याचे मऊ हातमोजे त्याने चढवले. वाटेत एक ओळखीचा खाटीक ओरडला, "काय सांते, बिशप झालास की काय?" सांते मान खाली घालून चालत राहिला.

वैद्यांचं घर मोठं नव्हतं, पण एक दालन नवं बांधलेलं होतं. तिथे जिकडे तिकडे जमिनीतून निघालेले तुकडे मांडले होते. एक पाऊल, एक दाढीवाला चेहरा, घोड्याची मान. आणि त्यांच्या मागच्या भिंती अशा पांढऱ्या की त्या तुकड्यांना जणू उजेड आतून फुटत होता.

"भिंती बघा, भिंती!" वैद्य पाहुण्यांना कौतुकाने म्हणाले. "गवंड्याला म्हटलं, रोममधला सगळ्यात पांढरा चुना आण. कुठून आणतोस ते मला विचारायचं नाही, आणि तूही सांगायचं नाही."

सांतेने भिंतीकडे पाहिलं आणि त्याला आपला माल ओळखू आला. छाती थोडी फुगलीसुद्धा. 'माझा आहे तो' असं जिभेवर येऊन थांबलं. समोर दिआनोरा बसली होती, तिने नुसतं पाहिलं.

जेवणात कोकरू होतं, आर्टिचोकची भाजी होती, मळ्यातली ताजी घेवड्याची दाणेदार शेंग होती. हातमोजे घालून शेंग सोलता येत नाही. सांते ती ताटात इकडून तिकडे सरकवत राहिला. वैद्यांनी हे पाहिलं असावं, पण ते सभ्य माणूस, काही बोलले नाहीत. बोलले ते दुसऱ्याच विषयावर.

"आणि हे चुनेवाले!" ते म्हणाले. "रानटी टोळ्यांनी लुटलं ते परवडलं हो, ते लुटून निघून तरी गेले. हे रोज इथेच बसून रोम खातात. तुमचा तर दगडाचा धंदा, तुम्हाला ठाऊकच असेल."

"ठाऊक आहे थोडंफार," सांते म्हणाला. पेर्नाने तोंडात पावाचा मोठा तुकडा कोंबला, म्हणजे बोलायला नको.

जेवण झाल्यावर वैद्य उठले. "आता गंमत दाखवतो. तुल्लियो, आण रे ते."

तुल्लियोने एक गाठोडं आणून मेजावर सोडलं. आत संगमरवराचा एक हात होता, कोपरापासून बोटांपर्यंत. बोटांनी वस्त्राचं एक टोक हलकेच धरलेलं. निसटेल की काय असं वाटावं, इतकं हलकं.

"एका मळ्यात मिळाला," तुल्लियो म्हणाला. "मळेवाला म्हणे, नुसता हातच निघाला. पण हात असा एकटा कुठून येईल? मी रोज जाऊन खणतोय. बाकीची मूर्ती तिथेच कुठेतरी असणार."

वैद्यांनी सगळ्यांना तो हात स्पर्श करून बघायला लावला. आपली पाळी आली तसा सांते मागे सरकला.

"अहो, लाजता काय? मोजे काढा," वैद्य म्हणाले. "संगमरवर उघड्या हाताला लागला पाहिजे." आणि प्रेमानेच त्यांनी सांतेचं मनगट धरून एक मोजा ओढला.

हात उघडा पडला. वैद्य त्याच्याकडे बघतच राहिले. चुनाभट्टीच्या गल्लीतली माणसं मलम न्यायला त्यांच्याकडेच येत असत.

"हे हात मी ओळखतो," ते हळू आवाजात म्हणाले.

धरणी दुभंगेल तर बरं, असं सांतेला वाटलं. दिआनोराने ओढणीत तोंड लपवलं होतं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याचं लक्ष त्या क्षणी लोकांकडे नव्हतंच. मेजावरचा हात जिथे मोडला होता त्या जागेकडे तो बघत होता.

"कुणाचा मळा?" त्याने तुल्लियोला विचारलं.

"मेनिकोचा."

"मग खणू नकोस, बाळा," सांते म्हणाला. "बाकीची माझ्याकडे आली होती."

आता वैद्य आपल्याला घराबाहेर काढणार, अशी त्याने मनाची तयारी केली. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. पण वैद्यांच्या चेहऱ्यावर भलतंच काही आलं. एक वेडी आशा. त्यांनी सांतेचे दोन्ही खांदे धरले.

"म्हणजे तुम्ही तिला पाहिलंत! अख्खी पाहिलीत! आज जिवंत माणसांत तिला पाहिलेले तुम्हीच. तुल्लियो, कागद घे, कोळसा घे. सांगा, कशी होती? उभी होती?"

"उभी... हो. बहुतेक."

"केस? बांधलेले की मोकळे?"

सांतेने डोळे मिटले. केस आठवेनात.

"बरं, तोंड? तोंड कुणीकडे वळलेलं? हसत होती का? म्हातारी होती, तरुण होती?"

सांतेने आठवून आठवून बघितलं. दुपारचं ऊन आठवलं. पाव जरा शिळा होता, कांदा तिखट होता, हे आठवलं. घणाचा पहिला घाव बसला तो आवाज कानात जसाच्या तसा होता. पण तोंड नव्हतं. त्याने ते पाहिलंच नव्हतं. पाठ टेकून बसला होता तो, पाठ!

"गार होती," शेवटी तो म्हणाला. "पाठीला गार लागत होती."

तुल्लियोच्या हातातला कोळसा कागदावर टेकलेला होता. त्याने तो उचलून बाजूला ठेवला. कागदावर नुसता एक ठिपका उमटला होता.

वैद्य खाली बसले. मग त्यांनी सावकाश मान वळवून आपल्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग सांतेकडे. सांतेने मान डोलावली.

"कुठून आणतोस ते सांगू नकोस, असं मीच म्हटलं होतं," वैद्य पुटपुटले, आणि त्यांनीही खाली बघितलं.

घरी जाताना पुलावर दिआनोराने बापाचा उघडा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला. रागाने नाही. त्याला तो कुणाच्या हातात द्यावासाच वाटेना.

आजवर हजारांनी दगड त्याच्या घणाखालून गेले होते. त्यातले किती चेहरे होते? त्यातला एकही त्याला सांगता आला नसता. भाजलं याची लाज होतीच, पण तीवर उत्तर होतं. पोट होतं, बापाचा धंदा होता, सगळी गल्ली हेच करत होती. डोळे असून एकदाही बघितलं नाही, याला मात्र उत्तर सापडेना. देवळात पाद्र्यापुढे गुडघे टेकून त्याने हे सांगायचा प्रयत्न केला. पाद्री म्हणाला, "मूर्तिपूजकांच्या बाहुल्या फोडल्यास, त्यात पाप कसलं? पुढचं सांग." पुढचं काही नव्हतं.

सांतेने संगमरवर घेणं बंद केलं. तिवोलीहून नावेने दगड आणून तो भाजू लागला. चुना चांगलाच होता, पण तो पांढरेपणा गेला, आणि चितारी शेजारच्या भट्टीकडे वळले. गल्लीत तर थट्टेला ऊत आला.

"सांतेचा संत झाला रे!" शेजारचा भट्टीवाला ओरडायचा. "संत सांते, आमच्या दगडांसाठी प्रार्थना करा!"

अंगणात जुना माल पडला होता, तो त्याने भिंतीकडेला मांडून ठेवला. चेहरेच जास्त होते. रोज सकाळी भट्टी पेटवण्याआधी तो त्यांच्यासमोर उकिडवा बसायचा. आधी त्याला सगळे सारखेच दिसायचे. मग हळूहळू एकाच्या ओठाचा कोपरा दिसला, एकीच्या कानामागची बट दिसली. एका म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या रेघा पेर्नाच्या बापासारख्या होत्या. "आता दगडांशी संसार करा," पेर्ना करवादायची, पण तीही एकदा झाडू हातात धरून त्या म्हाताऱ्यापुढे थबकली होती.

तुल्लियो पुन्हा येऊ लागला. लग्न मोडलं नव्हतं. मामा अबोल झालेत, एवढंच तो म्हणाला. आला की तोही सांतेशेजारी बसायचा आणि एकेका चेहऱ्याचं चित्र काढायचा. असं वर्ष गेलं.

पुढच्या हिवाळ्यात टायबर नदीला पूर आला. खालच्या वस्तीत पाणी शिरलं, धक्के वाहून गेले, तिवोलीच्या नावा यायच्या थांबल्या. भट्टी थंड पडली. गडी रोज येऊन रिकाम्या भट्टीच्या तोंडाशी हात काखेत घालून उभे राहायचे, संध्याकाळी तसेच परत जायचे. एकाचं तान्हं तापाने गेलं. दुसऱ्याच्या बायकोने पेर्नाच्या दारात येऊन पदर पसरला. पूर ओसरल्यावर पडलेल्या भिंती उभ्या करायला सगळ्या गावाला चुना हवा होता, आणि सांतेच्या अंगणात भिंतीकडेला दगड रचून ठेवलेला होता.

मोठा गडी एवढंच म्हणाला, "मालक, तुम्ही घरात जा. आम्ही करतो."

सांते घरात गेला नाही. तेवढं तरी आपण करायचं, असं त्याने ठरवलं. पण घण उचलला आणि त्याचा हात चालेना. आता ते नुसते दगड नव्हते. तो ओठ होता, ती बट होती. शेवटी त्याने घण खाली ठेवला आणि एकेक डोकं उचलून जमिनीवर पालथं घातलं. सगळे चेहरे मातीकडे केले. मग मागून घाव घातले.

भट्टी पेटली. गड्यांच्या घरी चुली पेटल्या. चुना जुन्यासारखा पांढरा निघाला आणि हातोहात गेला. पेर्नाने त्या दिवशी एकही टोमणा मारला नाही. तिने गरम पाणी आणून त्याचे हात धुतले. त्याला वाटलं, हिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आधी भाजलं तेव्हा तो आंधळा होता. आता त्याला दिसत होतं, आणि दिसू नये म्हणून त्याने पालथं घातलं होतं.

वसंतात लग्न झालं. वैद्यांनी आपल्याच घरी जेवण दिलं. गावातले चार विद्वान आले होते. मेजावर प्याले भरले गेले तसे वैद्य उभे राहिले. आता ते मोकळे झाले होते, त्यांच्या आवाजात जुना हुरूप होता.

"मित्रहो, आपण पुस्तकं वाचून शहाणे झालो," ते म्हणाले. "माझे व्याही मात्र एका दुपारी आपल्या हातांकडे बघून शहाणे झाले. ज्याने पिढीजात धंद्यातला संगमरवर सोडला, नुकसान सोसलं, पण जुन्या कारागिरांच्या कामाला पुन्हा आग लावली नाही, असा माणूस रोममध्ये एकच आहे, आणि तो माझ्या शेजारी बसलाय!"

सगळ्यांनी प्याले उंचावले. कुणीतरी लॅटिनमध्ये काही सुंदर म्हटलं. सांतेने हातातला पाव ताटात ठेवला. उठून खरं काय ते सांगावं, असं त्याला फार वाटलं. पण समोर दिआनोरा होती, डोक्यावर फुलं माळलेली, आणि ती पहिल्यांदाच बापाकडे मान ताठ करून बघत होती. तो उठला नाही. त्याने प्याला उचलला आणि नको असलेल्या औषधासारखा रिकामा केला. मेजाखाली पेर्नाचा हात येऊन त्याच्या गुडघ्यावर बसला आणि तिथेच राहिला. त्या घरात चुनेवाला म्हणून शिव्या खाल्ल्या तेव्हाही त्याला इतकं लाजिरवाणं वाटलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात त्याने भट्टी मोठ्या गड्याच्या हवाली केली. गड्याने पुढे तीत काय भाजलं, ते सांतेने विचारलं नाही. विचारायचा हक्क आपल्याला राहिला नाही, असं त्याला वाटायचं. वैद्यांकडे येणारे तुकडे धुवायला, त्यांची माती काढायला माणूस लागायचा. ते काम तो करू लागला. चुन्याने खाल्लेली बोटं मऊ कुंचला धरताना दुखायची, तरी तो करायचा.

एकदा वैद्यांच्या अंगणात दोघंच असताना तुल्लियो एक कमानीचा तुकडा घासत होता. सांते हातातलं काम न थांबवता म्हणाला,

"त्या पुराच्या हिवाळ्यात मी पुन्हा भाजलं. भिंतीकडेला होतं ते सगळं."

"माहीत आहे," तुल्लियो म्हणाला.

सांतेचा कुंचला थांबला.

"त्या दिवशी मी आलो होतो, बाबा. फाटकातून बघितलं. सगळी डोकी पालथी मांडलेली होती आणि तुम्ही घण घेऊन उभे होतात. मी तसाच मागे वळलो."

"मग मामांना का सांगितलं नाहीस? लग्नात ते एवढं बोलत होते..."

"मी तेव्हा आत यायला हवं होतं," तुल्लियो म्हणाला. त्याने मान वर केली नाही. "एक तरी घेऊन जा, असं तुम्ही म्हणाला असतात. मी मागितला असता तर दिला असता. पण तुमच्या गड्याची बायको तिथे उभी होती, पोर काखेला. तिच्यासमोर दगड मागायची मला लाज वाटली. आणि परत गेलो त्याची त्याहून वाटली. मग कुणाला काय सांगू?"

आत वैद्य कुणाला तरी मोठ्याने काही वाचून दाखवत होते.

"चित्रं आहेत ना तू काढलेली?" सांतेने विचारलं.

"आहेत. सगळ्यांची नाहीत."

"त्या म्हाताऱ्याचं?"

"कपाळाचं आहे. हनुवटी राहिली."

"हनुवटी बारीक होती," सांते म्हणाला. "मधे दबलेली. डावीकडे टवका उडालेला." त्याने ओल्या बोटाने फरशीवर एक रेघ ओढून दाखवली, मग ती पुसून दुसरी ओढली. "अशी. नाही, थांब. अशी."

तुल्लियो उठून आत गेला आणि कागद घेऊन आला.